नवी कुपी, नवी पट्टी

प्रश्न : मी मूळची खानापूरची असून बेळगावात जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते. प्रकल्पासाठी डायसर या एन्झाइमविरुद्धचे सशाचे पॉलिक्लोनल प्रतिपिंड वापरते. जुन्या कुपीने वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून, पडद्यावर उतरवून प्रतिपिंडाने ओळखण्याची चाचणी) एकच ठळक पट्टी येई. त्याच कॅटलॉग क्रमांकाच्या नव्या कुपीने ७० किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचे एकक) या वजनाजवळ आणखी एक पट्टी दिसते. प्रतिपिंड खराब आहे, की माझे काही चुकते?

उत्तर : कॅटलॉग क्रमांक तोच असला तरी लॉट क्रमांक, म्हणजे उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक, बदलला आहे का, हे आधी पाहावे. पॉलिक्लोनल प्रतिपिंड म्हणजे एकच रेणू नव्हे. डायसरचा तुकडा टोचल्यावर सशाच्या अनेक बी-पेशी त्याच्या निरनिराळ्या भागांना चिकटणारी प्रतिपिंडे बनवतात आणि रक्तद्रवातून शुद्ध केलेले त्यांचे मिश्रण कुपीत येते. तुमच्याकडचा रानमध जसा फुलोऱ्यागणिक वेगळा लागतो, तसे हे मिश्रणही सशागणिक आणि रक्त काढण्याच्या वेळेगणिक बदलते.

दुहेरी धाग्याच्या आरएनएचे सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचे तुकडे करणारे मानवी डायसर स्वतः १९२२ अमिनो आम्लांचे, म्हणजे जवळजवळ २१८ किलोडाल्टनचे असते. तुमची ठळक पट्टी तिथेच येते का, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि मला खरी शंका तिचीच वाटते. इतके मोठे प्रथिन पडद्यावर सहजी उतरत नाही. त्यासाठी ६ टक्क्यांचे जेल घ्यावे, उतरवण्याच्या द्रावणात मिथेनॉल कमी ठेवावे आणि ट्रान्सफर, म्हणजे हे उतरवणे, थंडीत रात्रभर चालवावा.

७० जवळची पट्टी डायसरचा तुटलेला तुकडा असेल किंवा भलतेच प्रथिन. नुसत्या वजनावरून ते ठरत नाही. प्रोटिएज-रोधक (प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमांना अडवणारे द्रव्य) ताजे घालून तोच नमुना जुन्या व नव्या लॉटने शेजारी-शेजारी तपासावा आणि एक पडदा केवळ दुय्यम प्रतिपिंडाने (सशाच्या प्रतिपिंडाला चिकटून पट्टी दृश्य करणाऱ्या) पाहावा. सशाला टोचलेला डायसरचा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, प्रतिपिंडात मिसळल्यावर पट्टी नाहीशी झाली म्हणून हुरळून जाऊ नये, कारण भलत्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडेही त्याच पेप्टाइडने अडू शकतात. डायसरचे जनुक काढून टाकलेल्या पेशी मिळाल्या, तर त्यांचा पुरावा सर्वांत भक्कम. तिथेही पट्टी उरली, तर ती डायसरची नव्हे.

कुपी वारंवार वितळवू नये, लहान भाग करून गोठवावेत. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते, हे तुम्हाला सांगायला नकोच. प्रबंधात मात्र कॅटलॉग क्रमांकाशेजारी दोन्ही लॉट क्रमांक लिहावेत.