डेस्कटॉप खूप स्लो चालतो, मधेच हँग होतो, दोनदा फॉरमॅट मारलं तरी फरक नाही. नवीन घ्यावा का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की आठ वर्षं जुना डेस्कटॉप आहे, चार जीबी रॅम, चालू व्हायला दहा मिनिटं लागतात, काम करता करता अडकतो आणि दुपारी तर जास्तच. इतक्यात नवीन घेऊ नका, आणि तिसऱ्यांदा फॉरमॅट तर अजिबात मारू नका. मी जळगावात रिपेरिंगचंच काम करतो, फॉरमॅट मारून मारून थकलेली माणसं रोज येतात. फॉरमॅटने विंडोज नवीन होतं, हार्ड डिस्क जुनी ती जुनीच राहते.

आधी डाटा बाहेर काढा, आजच. पोरांचे फोटो, हिशोब, उताऱ्यांचे स्कॅन, सगळं दुसऱ्या डिस्कवर घ्या, कारण खराब होत चाललेल्या डिस्कवर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) नि फॉरमॅट चालवत बसलं की ती अजून लवकर जाते आणि मग गेलेले फोटो परत आणणं माझ्या हातात राहत नाही, फार वाईट वाटतं तेव्हा.

आता पुढच्या वेळी हँग झाला की लगेच बटण दाबून बंद करू नका, दोन मिनिटं नीट बघा. माऊस हलतोय पण काहीच उघडत नाही आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा लाईट सारखा पेटलेला आहे, तर बहुतेक डिस्कचं दुखणं आहे. पण माऊस पण थिजला, कीबोर्डवर नम लॉक दाबलं तरी त्याचा लाईट बदलत नाही, तर मग रॅम, गरमी नाहीतर पॉवर सप्लाय.

डिस्क तपासायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात ०५, सी५ (या दोन डिस्कवरच्या खराब जागेच्या) आणि सी७ (केबलमधून डाटा जाताना झालेल्या चुकांची) या तीन ओळी बघा. ०५ किंवा सी५ चा आकडा शून्य नसेल आणि दिवसागणिक वाढत असेल तर डिस्क बदलायचीच. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी वायर) बदला, शंभर-दीडशेचं काम असतं. आणि तिन्ही ठीक असले, पण टास्क मॅनेजरमधे काही न करता डिस्क १०० टक्के दाखवत असेल तरी जुन्या डिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) टाकाच. नवीन कॉम्प्युटरच्या मानाने खर्च फार कमी आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो. जमलं तर रॅम पण आठ करा.

दुपारी जास्त हँग होतो हे तुम्ही लिहिलं ते मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, त्यात पत्र्याची खोली असली तर बघायलाच नको. प्रोसेसर शंभर अंशाच्या जवळ गेला की जीव वाचवायला स्वतःच स्पीड कमी करतो. मागच्या सीझनला धरणगावकडच्या एका जिनिंगवरचा कॉम्प्युटर आला होता, ते काका म्हणे "रोज दुपारले बंद पडी जास". प्रोसेसरवरचा पंखा उचलला तर खाली हीटसिंकच्या (गरमी ओढून घेणाऱ्या धातूच्या) पात्यांमधे रुईचा बोटभर जाड थर, अख्खा एका तुकड्यात निघाला, हवा जायला जागाच नव्हती. शिवाय हा पंखा-हीटसिंक बोर्डावर धरून ठेवणाऱ्या चार पिनांपैकी एक वर आलेली. साफ केलं, प्रोसेसर नि हीटसिंकच्या मधे नवीन थर्मल पेस्ट लावली, चारही पिना टक्क आवाज येईपर्यंत दाबल्या, आणि तोच कॉम्प्युटर भर दुपारी दिवसभर चालला.

तुम्ही घरी साफ करणार असाल तर वायर काढून ठेवा, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारा, नाहीतर पंखा भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. रॅम काढून तिची सोनेरी पट्टी साध्या खोडरबरने हलक्या हाताने घासा आणि परत नीट बसवा, यानेच कितीतरी मशीन सुरळीत होतात. मदरबोर्डवर गोल कपॅसिटर असतात, त्यातला एखादा वरून फुगलेला दिसला तर मात्र तो दुकानातच न्या. आपल्याकडे लाईट जाते-येते, व्होल्टेज वरखाली होतं, म्हणून यूपीएस असू द्या, अर्ध्या डिस्का लाईटीच्या झटक्यानेच जातात असं माझं मत आहे.

अजून एक, विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, त्यामुळे एसएसडी टाकताना विंडोज ११ चालतं का ते प्रोसेसरच्या नंबरवरून बघून घ्या.

हँग झाल्यावर लाईट कसा होता आणि ते तीन आकडे किती आले एवढं इथेच लिहा, मग काय विकत आणायचं ते नक्की सांगतो.