पाण्याच्या फलकावर ‘ग्राहक’ की ‘ग्रामस्थ’?

यवतमाळ जिल्ह्यातील एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या गावात शुद्ध पाण्याच्या यंत्रावर, ज्याला गावात सगळे ‘एटीएम’च म्हणतात, ‘ग्राहकांनी कार्ड रिचार्ज केल्याशिवाय पाणी मिळणार नाही’ असा फलक लागला आहे; जुन्या सार्वजनिक विहिरीवरच्या पाटीत मात्र ‘ग्रामस्थांनी’ असे होते. ‘ग्राहक’ हा प्रयोग चुकीचा आहे का, आणि त्याऐवजी ‘लाभार्थी’ लिहावे का, अशी त्यांची पृच्छा आहे.

व्याकरणाने पाहिले तर चूक नाही. ‘ग्रह्’ म्हणजे घेणे या धातूपासून ‘ग्राहक’, म्हणजे घेणारा. ‘गिऱ्हाईक’, वऱ्हाडात ‘गिराईक’, हे त्याचेच घरगुती रूप. मूळ अर्थात पैशाचा संबंध नाही, कारण गुणग्राहक माणूस गुणांचे पैसे मोजत नसतो. पैसा या शब्दात आला तो बाजारातून, आणि पुढे कायद्याने तो पक्का केला. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, तसेच त्याच्या जागी आलेल्या 2019 च्या कायद्यात, ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा. त्यामुळेच जिथे सर्वांना विनामूल्य उपचार मिळतात अशा रुग्णालयाची सेवा या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितले. अशा सरकारी दवाखान्यात उपचार घेणारी शेतमजूर बाई कायद्याच्या भाषेत ‘ग्राहक’ नव्हे. तरीही तिला हक्क आहे, पण तो राज्यघटनेच्या 21 व्या अनुच्छेदातून येतो. पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराला, रेल्वेतून पडून जखमी झालेला असताना, एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी दाखल करून घेतले नव्हते. त्या प्रकरणात 1996 मध्ये याच न्यायालयाने वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. त्या निकालात त्याने किती पैसे भरले होते हा प्रश्नच नव्हता.

फलकावरच्या शब्दाची अडचण इथे आहे. ग्राहकाचा हक्क पावतीला बांधलेला असतो. एरवी हा शब्द टाकाऊ नाही, हेही सांगितले पाहिजे. बियाणे उगवले नाही तर शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, हे 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्पष्ट झाले, आणि आपल्याकडच्या कापूस-सोयाबीनवाल्यांसाठी ते मोठे बळ आहे. पण कृषी केंद्रातून उधारीवर आणलेल्या पाकिटाचे पक्के बिल किती जणांच्या हाती असते, हे ज्याने जून महिन्यात त्या काउंटरसमोरची गर्दी पाहिली आहे त्याला विचारावे.

‘लाभार्थी’ मात्र मी मुळीच सुचवणार नाही. ‘अर्थी’ म्हणजे इच्छिणारा, मागणारा. विद्यार्थी विद्या मागतो, शरणार्थी आसरा मागतो, तसा लाभार्थी लाभ मागतो. संस्कृतात ‘अर्थी’चा एक सरळ अर्थ याचक असाच आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला दरमहा 5 किलो धान्याचा हक्क दिला. पण आमच्याकडे ज्याला ‘कंट्रोल’ म्हणतात त्या दुकानाच्या भिंतीवर यादी लागते ती ‘लाभार्थ्यांची’. कायदा ज्याला हक्कदार करतो त्याला यादी मागणारा करून ठेवते. याउलट ‘हक्कदार’ हा शब्द मराठीत शतकानुशतके रुळलेला आहे. ‘हक्क’ अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ सत्य, रास्त, न्याय्य वाटा असा आहे. जुन्या वतनी कागदांत देशमुख-पाटलांचे ‘हक्क’ म्हणजे त्यांना मिळणारा ठरलेला वाटा असे, म्हणजे तेव्हा तो वतनाला चिकटलेला होता. आज आपण ‘हक्काचा माणूस’ म्हणतो तेव्हा ज्याच्याकडे पैसे न मोजता जाता येते तोच अभिप्रेत असतो.

बाजाराने शब्दाला उलट दिशेनेही ओढले आहे, त्याचे विदर्भातले उदाहरण ‘हमीभाव’. सरकारी कागदात तो ‘किमान आधारभूत किंमत’ असतो. केंद्र सरकार कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून तो जाहीर करते, पण खासगी व्यापाऱ्याने त्याच भावाने कापूस घ्यावा अशी सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही. शब्दात हमी आहे, ती कायद्यात नाही. सरकारी खरेदी केंद्रावर कापूस द्यायचा तर सातबाऱ्यावर पेऱ्याची नोंद दाखवावी लागते. ठेक्याने शेत करणाऱ्याचे नाव त्या सातबाऱ्यावर नसते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचे झाड, त्याने वाढवली, वेचणीची मजुरी त्याने दिली, तरी भाव मागायला त्याच्याकडे कागद नाही. मग तो गाडी खासगी जिनिंगकडे वळवतो आणि सांगतील त्या भावाचा चुकारा घेऊन घरी येतो.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाची गोष्ट याच्या दुसऱ्या टोकाची आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना गावाच्या हाती आला. त्या वर्षापासून गाव बाजारात उतरले ते आपल्या बांबूचे विक्रेते म्हणून. बाजार तोच होता, पण हातात आधी हक्क होता.

मग फलकावर ‘नागरिक’ लिहावे का? ‘नागरिक’ म्हणजे मुळात नगरातला, त्यावरून चतुर, सभ्य. ‘ग्राम्य’ हा त्याचा विरुद्धार्थी, आणि म्हणून काहींना ‘गावचा नागरिक’ हे वदतोव्याघात, म्हणजे स्वतःलाच खोडणारे बोलणे, वाटते. आज तो अर्थ मागे पडला असल्याने शब्दाला हरकत नाही. तरी ग्रामपंचायतीच्या पाटीवर ‘ग्रामस्थ’च नेमका. ग्रामसभेचे सदस्यत्व मतदार यादीवरून ठरते, पाणीपट्टीच्या पावतीवरून नाही. थकबाकीदार पंचायतीची निवडणूक लढवण्यास अपात्र ठरू शकतो, पण ग्रामसभेत बसून ‘पाणी का बंद केले’ असे विचारायला त्याला कोणी अडवू शकत नाही. त्या सभेत तो ग्राहक म्हणून बसलेला नसतो.

तेव्हा वाचकांनी पंचायतीला असे सुचवावे : ‘ग्रामस्थांनी पाण्यासाठी कार्डाचा वापर करावा. कार्डात रक्कम नसल्यास ग्रामपंचायत कार्यालयात कळवावे.’ ‘मिळणार नाही’ हे शब्द गाळले तरी वाक्याचे काही अडत नाही. आणि जाता जाता, मूळ फलकावर ‘ग्राहकांनी’ मधला ‘ग्रा’ ‘गृा’ असा रंगवला आहे, तेवढे मात्र खरोखर अशुद्ध आहे.