अजिंठ्याचे रंग आणि पायाखालची माती

प्रश्न : आमच्या शाळेची सहल दरवर्षी अजिंठ्याला जाते. मुले छायाचित्रे काढतात आणि परततात. हाताने काही करून त्या परिसराची ओळख व्हावी, यासाठी काय करता येईल?

उत्तर : लेण्यांत शिरण्यापूर्वी मुलांना समोरच्या डोंगरावर नेऊन वाघूर नदीकाठच्या नालाकृती कड्याचे पेन्सिलने रेखाटन करायला सांगावे. बेसाल्टच्या थरांच्या ज्या आडव्या रेषा छायाचित्रात पाहायच्या राहून जातात, त्या रेखाटताना टाळता येत नाहीत.

खरे काम मात्र रंगांचे आहे. येथील तांबडा आणि पिवळा रंग लोहयुक्त मातीचा आहे, हिरवा रंग बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या खनिजाचा आहे. पाचव्या शतकातील चित्रांतला निळा रंग मात्र आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून आलेल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा आहे. एवढे सांगून मुलांना निळा रंग शोधायला लावावे, म्हणजे या खोऱ्यातले काय आणि व्यापारी मार्गाने आलेले काय, हे त्यांना भिंतीवरच ओळखता येईल.

शाळेत परतल्यावर पिवळी माती पाण्यात कालवावी, जड वाळू तळाशी बसली की वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतावे आणि त्यात खाली बसलेला मऊ गाळ वाळवून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटावा. त्याच गाळाचा थोडा भाग मोठ्यांच्या देखरेखीखाली लोखंडी तव्यावर चांगला तापवला, तर लोहखनिजातील पाणी निघून जाऊन तो तांबडा होतो. हा बदल डोळ्यांसमोर घडताना पाहिला की पाठ्यपुस्तकातील लोहाची संयुगे वेगळी शिकवावी लागत नाहीत. काळ्यासाठी दिव्याची काजळी पुरते.

छापील बाह्यरेषांत रंग भरण्याचे उपक्रम मी सुचवणार नाही, कारण त्यांत पाहण्याचे काम आधीच दुसऱ्याने करून ठेवलेले असते. त्यापेक्षा एखादा हात किंवा एखादे कमळ पाहून काढावे. १८७२पासून चित्रकार व कलाशिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या प्रतिकृती करून घेतल्या, तेव्हा त्या तरुणांचे शिक्षणही अशा नकलेतूनच झाले.

माती मात्र आपल्याच शेतातून किंवा विहिरीच्या खोदकामातून घ्यावी. लेण्यांच्या संरक्षित आवारातून खडाही उचलू नये. सहलीचा दिवस ठरवताना सोमवार वगळावा, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात.