वाचकांचे प्रश्न : फोन जोडला जातो आणि लगेच सुटतो

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आहे. अँड्रॉइड फोन ब्लूटूथवरून पेअर करते तेव्हा दोन्ही पडद्यांवर तोच सहा आकडी क्रमांक येतो, मी होकार देते, क्षणभर ‘कनेक्टेड’ दिसतं आणि मग ‘डिस्कनेक्टेड’. लॅपटॉपवरून फोनवर फोटो जातो, पण फोनवरून पाठवलेला फोटो लॅपटॉपवर येत नाही. ब्लूटूथचं कार्ड बदलावं लागेल का? — एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : कार्डाला हात लावू नका. ते बिघडलं असतं तर एकाही बाजूने फोटो गेला नसता.

पेअर होणं म्हणजे ओळख करून घेणं. दोघांनी एक गुप्त किल्ली ठरवली आणि आपापल्याकडे जपून ठेवली, की पेअरिंग संपलं. कनेक्शन मात्र कुठल्यातरी कामासाठी लागतं : आवाज ऐकवायचा, फोनचं इंटरनेट वापरायचं, असं काहीतरी. हेडफोन जोडलेलाच राहतो, कारण त्याचं काम सतत चालू असतं. फोन आणि लॅपटॉप यांना त्या घडीला एकमेकांकडून काहीच नको असेल, तर ते जोडणी सोडून देतात. यात बिघाड काही नाही. खात्री करायची असेल तर फोनमध्ये ब्लूटूथ टेदरिंग (फोनचं इंटरनेट ब्लूटूथवरून लॅपटॉपला देणं) चालू करा आणि लॅपटॉपच्या नेटवर्क यादीतून फोन निवडा. इंटरनेट वापरात आहे तोवर जोडणी टिकलेली दिसेल.

फाइल पाठवायला तर आधीपासून ‘कनेक्टेड’ असावंच लागत नाही. त्या कामाची पद्धत वेगळी, तिला ओबेक्स म्हणतात. पाठवणारा तेवढ्यापुरती जोडणी उघडतो, फाइल देतो आणि बंद करतो. म्हणून ‘डिस्कनेक्टेड’ दिसत असतानाही तुमचा फोटो फोनवर गेला.

आता उलटी दिशा. फाइल घ्यायला समोर कुणीतरी हजर लागतं. फोन घेण्याआधी तुम्हाला विचारतो. उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर (त्याला ग्नोम म्हणतात) सेटिंग्जमधलं ब्लूटूथचं पान उघडं असेल तेवढा वेळच लॅपटॉप फाइल स्वीकारतो. पान बंद केलं की दार बंद. हे त्याच पानावर लिहिलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरात की कुणाच्या नजरेला पडू नये! तेव्हा ते पान उघडं ठेवा, फोनवरून फोटो पाठवा आणि ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये पाहा. दर वेळी पान उघडायचा कंटाळा येत असेल तर ‘ब्लूमन’ हा प्रोग्रॅम घाला. तो घड्याळाशेजारी बसून राहतो, फाइल आली की विचारतो, आणि ती कुठे ठेवायची तेही ठरवू देतो. मला स्वतःला तोच बरा वाटतो.

एवढं करूनही फोटो आला नाही, तरच टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. ‘ब्लूटूथसीटीएल’ (bluetoothctl) ही आज्ञा देऊन आत ‘डिव्हायसेस’ (devices) म्हटलं की ओळखीच्या उपकरणांचे पत्ते दिसतात. ‘इन्फो’ (info) आणि पुढे फोनचा पत्ता दिलात तर पेअर्ड, ट्रस्टेड, कनेक्टेड अशा ओळी वेगवेगळ्या येतील. ट्रस्टेडपुढे ‘नो’ असेल तर ‘ट्रस्ट’ (trust) आणि तोच पत्ता द्या, म्हणजे फोन जोडणी मागू लागला की दर वेळी परवानगीचा प्रश्न उभा राहत नाही.

एक सावधगिरी : मोठे व्हिडिओ या वाटेने पाठवू नका. प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम 2 मेगाबिट जातात, म्हणजे 100 मेगाबाइटच्या फाइलला सहा-सात मिनिटं लागतात. त्याला वायफाय नाहीतर साधी केबलच बरी.

प्रश्न : एकाच लॅपटॉपवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही आहेत. एकीकडे फोन पेअर केला की दुसरीकडचं पेअरिंग मोडतं. असं का?

उत्तर : दोन्हीकडे ब्लूटूथचं कार्ड तेच, त्याचा पत्ता तोच. फोनला दोन्ही एकच वाटतात आणि शेवटी ठरलेली किल्ली तेवढी तो ठेवतो. उपाय आहे, पण किचकट. आधी लिनक्समध्ये पेअर करा, मग विंडोजमध्ये. विंडोजच्या रजिस्ट्रीतली (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं तिथली) किल्ली पाहून ती लिनक्समध्ये ‘व्हार’मधल्या ‘लिब’मधल्या ‘ब्लूटूथ’ फोल्डरात (/var/lib/bluetooth), त्या फोनच्या ‘इन्फो’ फाइलमध्ये लिहा आणि ब्लूटूथची सेवा पुन्हा सुरू करा. किल्ली 32 अक्षर-आकड्यांची असते, एकही चुकून चालत नाही. रजिस्ट्रीत हात घालायची सवय नसेल तर एकाच बाजूला फोन जोडा आणि सुखात राहा.

प्रश्न : आयफोनवरून लिनक्सवर ब्लूटूथने फोटो पाठवता येईल का?

उत्तर : नाही. आयफोन ओबेक्सने फाइल देतही नाही, घेतही नाही. त्यावरची गाणी लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकता येतात, त्याचं इंटरनेट वापरता येतं. फोटोंसाठी केबल लावा.