संकट अजून सरलेलं नसताना मंडळीचे आभार कसे मानायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार महिन्यांपासून घरात कमाई नाही, आई अंथरुणावर आहे, तुमच्या मेथडिस्ट मंडळीने, म्हणजे चर्चच्या माणसांनी, या काळात तुम्हाला सांभाळलं, आणि आता पाळकसाहेब म्हणतात की रविवारी उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या, उपासनेत उभं राहून साक्ष द्या, देवाने तुमच्यासाठी काय केलं ते सांगा. तुम्ही लिहिलंय, ‘उपकार वाटतात, पण आनंद वाटत नाही. उभं राहून बोललो तर खोटं वाटेल का?’

आनंद वाटत नसेल तर ‘आनंद वाटतो’ एवढं वाक्य तेवढं टाळा. बाकी सगळं बोला.

साक्ष म्हटलं की आपल्या डोक्यात एक ठरलेला साचा असतो. आधी संकट, मग प्रार्थना, मग सुटका, शेवटी ‘प्रभूची स्तुती असो’. सुटका अजून झालेली नसेल तर माणसाला वाटतं, आपली साक्ष अर्धीच आहे, कशाला उभं राहायचं. पण बायबलमध्ये प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलं ते ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असं. नोकरी गेली त्याबद्दल आभार माना, असं त्यात कुठे नाही. तोच पौल फिलिप्पै शहरातल्या मंडळीने पाठवलेल्या देणगीबद्दल लिहितो तेव्हा तो कैदेत आहे आणि आभार मानताना संकटाला संकटच म्हणतो: तुम्ही माझ्या संकटात सहभागी झालात, हे ठीक केलंत. सुटकेची वाट पाहत तो पत्र अडवून ठेवत नाही.

आपल्या मेथडिस्टांच्या घरातलीच एक गोष्ट आहे. 1709 च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या एपवर्थच्या पाळकगृहाला रात्री आग लागली. पुढे मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली तेव्हा पाच वर्षांचे होते आणि वरच्या मजल्यावर अडकले होते. शेजाऱ्यांनी एकाच्या खांद्यावर एक चढून त्यांना खिडकीतून काढलं. वडील सॅम्युएल यांनी तिथेच शेजाऱ्यांना गुडघे टेकायला बोलावलं: आठही मुलं वाचली, घर गेलं तर जाऊ दे. प्रवचनात ही गोष्ट नेहमी इथे संपते. पुढचं कमी सांगितलं जातं. घर बेचिराख झालं, ते पुन्हा उभं राहीपर्यंत मुलं वेगवेगळ्या घरांत विखुरली. आणि जॉनची आई सुझाना त्या रात्री गरोदर होत्या, आगीतून वाट काढताना हातातोंडाला भाजल्या होत्या. सॅम्युएल काय म्हणाले ते सगळ्यांना पाठ असतं. सुझानांना त्या रात्री विचारलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, हा विचार मला दर वेळी येतो. माझा अंदाज, त्यांचे शब्द जरा कमी आणि जरा कोरडे असते. ते आभारही खरेच असते.

आता माझं सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या ह्यांचं मोठं ऑपरेशन झालं, मग जखमेत पू झाला, आणि सात आठवडे आमचा मुक्काम दवाखान्यात. घरी दोन मुलं. मंडळीने आपसात पाळ्या लावल्या: रात्री कोण थांबणार, शाळेतून मुलांना कोण आणणार, बिलांच्या रांगेत कोण उभं राहणार. ह्यांना घरी आणल्यावर पहिल्याच रविवारी मी कागदावर अकरा नावं लिहून नेली आणि उभी राहून वाचली. आवाज कापत होता, पण एकही नाव चुकलं नाही. बसताना स्वतःवर खूश होते.

संध्याकाळी थोरला म्हणाला, “शनिवारच्या काकूंचं नाव नाही घेतलंस.”

कोण शनिवारच्या काकू? तेव्हा कळलं. महिला समाजातल्या एक वयस्कर बाई दर शनिवारी दुपारी घरी येऊन बसायच्या, मुलांचा गृहपाठ बघायच्या, आणि जाण्याआधी पायरीवर वर्तमानपत्र पसरून दोघांच्या शाळेच्या बुटांना पॉलिश करायच्या. पॉलिशची डबी आणि ब्रश त्यांच्याच पिशवीत. मी सोमवारी सकाळी घाईत घरी येऊन ते चकचकीत बूट बघायचे आणि मनात म्हणायचे, पोरगा शहाणा झाला. सात आठवडे म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले. त्यांनी बसवलं, ह्यांची चौकशी केली, ऐंशी गोष्टी बोलल्या. मी विषय काढला की त्या दुसरीकडे वळायच्या. निघताना दारात मात्र म्हणाल्या, “बुटांचं तुला कुणी सांगितलं?” आणि मग हळूच, “मला वाटलं होतं, तुला माहितेय.”

तेव्हापासून मी सभेत नावांची यादी वाचत नाही. लांब यादीत राहिलेलं एक नाव सगळ्यात मोठ्याने ऐकू येतं. शिवाय कुणी गुपचूप पैसे दिलेले असतात, ते भर उपासनेत उघड करणं म्हणजे आभाराच्या नावाखाली त्याला अडचणीत आणणं. सभेत मंडळीचे मिळून आभार माना, एखादा प्रसंग सांगा आणि बसा. माणसांचे आभार एकेकट्याला, समोर किंवा पत्राने. आणि त्याआधी घरातल्यांना विचारा, विशेषतः मुलांना आणि अंथरुणावर असलेल्या आईला. कोण आलं, कोण काय करून गेलं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

तुमच्या प्रश्नात आणखी एक ओळ होती, तिच्यावर मी जास्त वेळ थांबले: ‘आम्ही आता मंडळीवर ओझं झालोय.’ ही भावना मी ओळखते. माणूस ओझं झाल्यासारखा आभार मानतो तेव्हा ते आभार कमी आणि माफी जास्त वाटते. ‘तुम्हाला फार त्रास दिला, कसे फेडू’ हेच परत परत. समोरचाही अवघडतो.

मेथडिस्ट मंडळीत हे ओझं काढून ठेवायला चांगला आधार आहे. 1742 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मेथडिस्टांच्या प्रार्थनेच्या इमारतीचं कर्ज डोक्यावर होतं. सभेत सूचना आली की कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, पुष्कळ जण गरीब आहेत, त्यांना तेवढंही झेपणार नाही. त्यावर कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी सांगितलं, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, त्यांना जमलं तर ठीक, नाहीतर त्यांचं मी भरीन. इतरांनीही असेच अकरा-अकरा वाटून घेतले. पैशासाठी घरोघरी जाता जाता कोण कसं जगतंय, कोण कुठे घसरतंय हे कळायला लागलं, आणि त्यातूनच क्लास मीटिंग, म्हणजे दर आठवड्याला एकमेकांची विचारपूस करणाऱ्या छोट्या गटाची सभा, उभी राहिली. म्हणजे ज्या व्यवस्थेने मेथडिस्ट चळवळ बांधून ठेवली तिच्या मुळाशी न भरता आलेली पेनी आहे. त्या अकरा जणांकडे द्यायला काही नव्हतं म्हणून कुणी त्यांच्या दारात गेलं. आज त्या अकरांत तुम्ही आहात. कधीतरी दुसरं कुणी असेल.

वेस्लींचं आजाऱ्यांच्या भेटीवर एक प्रवचन आहे. त्यात ते अशा भेटीला कृपेचं साधन, म्हणजे देवाची कृपा मिळण्याची वाट, म्हणतात, प्रार्थना आणि प्रभुभोजन यांच्या रांगेतलं, आणि दुसऱ्याला पाठवून भागवू नका, स्वतः जा, असं बजावतात, कारण न जाणाऱ्याचं स्वतःचंच नुकसान होतं. हे वाचल्यावर तुमच्या आईच्या उशाशी येऊन बसणाऱ्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघता येईल. ते काही घेऊनही जातात. दार उघडं ठेवणं हे तुमच्याकडून होतंय.

उपकारस्तुतीच्या देणगीच्या पाकिटाचंही तुम्ही विचारलंत. जमेल ते घाला. काहीच जमत नसेल तर रिकामं पाकीट परत करण्याची लाज नको. चिठ्ठी घालून टाका, एखादी प्रार्थनेची विनंती लिहा, हरकत नाही. वर्षारंभी कराराची उपासना, म्हणजे देवाशी केलेला करार नव्याने म्हणायची उपासना, होते तिथे आपण सगळे म्हणतोच की, भरलेला असो वा रिकामा, मी तुझा. तुमच्यापुरतं हे वर्ष रिकाम्याचं आहे.

रविवारी काय बोलायचं, तर तीन-चार वाक्यं पुरेत. काही असं: ‘आमची अडचण संपलेली नाही. पुढे काय, हे आम्हाला दिसत नाही. पण या चार महिन्यांत एकही आठवडा असा गेला नाही की दारात कुणी आलं नाही. त्यासाठी प्रभूचे आणि तुमचे उपकार. आमच्यासाठी प्रार्थना चालू ठेवा.’ मध्येच रडू आलं तर थांबा, कुणी घड्याळ बघत नाही. पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा की जमलं नाही तर ते तुमचा कागद वाचतील.

पत्रात मात्र नेमकं लिहा. ‘सर्व मदतीबद्दल आभार’ असं कुणालाही लिहिता येतं. मी रात्री थांबलेल्या एका भावांना लिहिलं होतं ते अजून आठवतं: ‘मंगळवारी तुम्ही दवाखान्यात थांबलात म्हणून मी घरी येऊन सहा तास सलग झोपले. ह्यांचा ताप उतरलेला नाही. पण बुधवारी डॉक्टर काय म्हणाले ते मला नीट समजलं, कारण माझी झोप झाली होती.’ एवढंच पत्र. पुढे कितीतरी दिवस ते त्यांच्या गीतपुस्तकात घडी करून ठेवलेलं मला दिसायचं.

आणि एक पत्र पाळकांना, लवकर. आपल्याकडे पाळकांच्या नेमणुका बदलतात. सगळं सुरळीत झाल्यावर लिहू म्हणाल तर तोवर ते दुसऱ्या मंडळीत गेलेले असतील. मी तसंच केलं होतं, आणि ते पत्र शेवटी टपालाने पाठवावं लागलं.