वाचक विचारतात : डाय नाही, प्रेस नाही, मग ही बॉडी बनली कशी?

प्रश्न : माझे बाबा आयुष्यभर डेंटिंगचं काम करत होते, आता रिटायर झालेत. मी त्यांना मोबाईलवर 1950 च्या आसपासच्या कन्सेप्ट कार, म्हणजे विकायला नाही तर नवी कल्पना दाखवायला बनवलेल्या गाड्या, दाखवते तर ते झूम करून करून बघतात आणि एकच विचारतात, एकच गाडी बनवायची तर त्यासाठी कोणी डाय, म्हणजे प्रेसमध्ये पत्रा दाबायचा साचा, काढणार नाही, मग एवढा वळणदार पत्रा आणला कुठून?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : बाबांनी बरोब्बर जागेवर बोट ठेवलंय. डाय नव्हतीच, सगळं हातानेच केलेलं. इटलीत तुरिनला बर्टोने, घिया, पिनिनफारिना असे बॉडी बनवणारे कारखाने होते, तिथे आधी गाडीच्या मापाचा लाकडी सांगाडा उभा करायचे आणि मग पत्रा हातोडीने ठोकत, सांगाड्यावर लावून बघत, परत काढून ठोकत आकार आणायचे, तुकडे वेल्डिंगने जोडायचे आणि जोड घासून घासून असा मिटवायचे की बोट फिरवलं तरी कळू नये. बाबांना अल्फा रोमिओची बॅट 7 दाखवा, 1954 ची, फ्रँको स्कालिओनेने बर्टोनेसाठी डिझाईन केलेली. मागचे दोन पंख वर चढतात आणि आत वळत एकमेकांकडे येतात, मध्ये मागच्या काचेचे दोन भाग करणारा कणा. आता विचार करा, डावा पंख जमला तर उजवा अगदी तसाच, पण उलटा, परत हातानेच काढायचा. डेंटर माणसालाच कळेल ते काय काम आहे! आणि ही नुसती नक्षी नाही हं, हवा अंगावरून सरळ निघून जावी म्हणून तो आकार, तिचा ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा मोजायचा आकडा, 0.19 सांगतात (जेवढा कमी तेवढा चांगला), आजच्या बऱ्याच नव्या गाड्यासुद्धा तिथवर पोचत नाहीत.

अमेरिकेत रस्ता थोडा वेगळा. जनरल मोटर्समध्ये हार्ले अर्ल हा डिझायनर 1927 मध्ये आला, त्याने मातीत पूर्ण मापाची गाडी घडवायची पद्धत तिथे रुजवली. तुमच्याकडे लालबाग-परळला गणपतीच्या कारखान्यात मातीवर बोटाने वळण काढतात, लांब जाऊन बघतात, परत येऊन किंचित खरवडतात, तसंच हे. फक्त माती वेगळी, गरम केली की मऊ आणि गार झाली की घट्ट, आत लाकडाचा सांगाडा. मनासारखं झालं की वर रंगीत फिल्म ताणून लावायची म्हणजे रंगवलेल्या पत्र्यासारखं दिसतं आणि त्यात उजेडाची रेघ कुठे तुटतेय ते लगेच पकडता येतं. बाबापण ट्यूबलाईटच्या रेघेवरच चेंबलेली जागा शोधत असतील ना? तीच नजर लागते इथे.

मटेरियलचं म्हणाल तर सगळंच आहे. जनरल मोटर्सच्याच गाड्या घ्या, 1951 च्या ल सेबरमध्ये अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम, 1953 च्या पहिल्या कॉर्व्हेटची बॉडी फायबरची, आणि 1956 च्या फायरबर्ड 2 ला तर टायटॅनियमचा पत्रा, जो वळवायला फारच हट्टी. मला स्वतःला त्या चमकणाऱ्या टायटॅनियमपेक्षा बॅट 7 चा ठोकलेला पत्रा कितीतरी जास्त आवडतो.

प्रश्न : या गाड्या खरंच चालायच्या की आत नुसता सांगाडा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन्ही प्रकार होते. 1938 ची ब्यूक वाय-जॉब, जिला जगातली पहिली कन्सेप्ट कार मानतात, ती हार्ले अर्ल कितीतरी वर्षं स्वतः रोज चालवायचा, हेडलाईट बॉडीत लपणारे आणि काचा बटणावर खाली-वर होणाऱ्या, आणि हे 1938 मध्ये! 1970 ची लान्सिया स्ट्रॅटोस झीरोसुद्धा पळायची. बर्टोनेचा डिझायनर मार्चेलो गांदिनीची ही गाडी फक्त 84 सेंटीमीटर उंच, पुढची काच उचलून आत शिरायचं, आणि बर्टोने कारखान्याचा मालक नुच्चो बर्टोने लान्सियाच्या गेटवर बंद बॅरियरच्या खालून ती घेऊन आत गेला होता. उलट त्याच वर्षीची फेरारी मोडुलो दिसायला एवढी देखणी, पण शोमध्ये आली तेव्हा चालत नव्हती, ती बऱ्याच वर्षांनी एका अमेरिकन मालकाने चालती केली.

सगळ्यात वाईट वाटतं क्रायस्लर नॉर्समनचं. पुढच्या काचेला बाजूचे खांबच नाहीत, टप मागून आधार घेऊन पुढे आलेला, घियाच्या कारागिरांनी तुरिनमध्ये घडवली आणि जुलै 1956 मध्ये अमेरिकेला नेताना आंद्रेया दोरिया जहाज बुडालं, त्याबरोबर समुद्रात गेली. शोमध्ये पोचलीच नाही ती, आता फक्त फोटो आहेत.

प्रश्न : विकायचीच नाही त्या गाडीवर एवढा पैसा आणि मेहनत कशाला? आमच्या घरी यावर रोज वाद होतो.
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : वादात मी तुमच्या विरुद्ध बाजूला. 1968 च्या अल्फा कराबोचे वर उघडणारे दरवाजे नंतर लॅम्बोर्गिनी काउंटाचला आले, गांदिनीनेच दोन्ही केल्या. आणि आपल्या रस्त्यावरचं हवं असेल तर देवूची मॅटिझ आठवते? ती जॉर्जेत्तो जुजारोच्या कंपनीने आधी लुच्चोला नावाची कन्सेप्ट म्हणून फियाटच्या गाडीसाठी केली होती, फियाटने घेतली नाही, मग देवूने घेतली. म्हणजे वाया काहीच गेलं नाही. आणि समजा काहीच उपयोग झाला नसता तरी एवढं सुंदर काहीतरी हाताने करून बघणं मला पूर्ण पटतं.

प्रश्न : मुंबईत असं काही बघायला मिळतं का?
— कॉलेजचा एक विद्यार्थी, दादर

उत्तर : या कन्सेप्ट कार परदेशातल्या म्युझियममध्ये नाहीतर खाजगी कलेक्शनमध्ये आहेत. पण विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाची रॅली हॉर्निमन सर्कलला असली की सोडू नकोस, हाताने केलेल्या बॉडीच्या गाड्या तिथे जवळून बघायला मिळतात. बॉनेट उघडायची घाई करू नकोस, मागच्या मडगार्डशी उकिडवा बस आणि पत्र्यावरून नजर पुढे ने, शेजारच्या इमारतींचं प्रतिबिंब कुठे वाकतं ते बघ. हात मात्र लावायचा नाही, मालकाला विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. आणि सकाळी लवकर जा, ऊन चढलं की पत्रा एवढा चकाकतो की वळणं दिसतच नाहीत.