जुन्या एसीतून काढलेला ब्लोअर खोलीसाठी एक्झॉस्ट म्हणून चालेल का?

हो चालेल, पण त्याचं गोगलगायीसारखं कव्हर सोबत असेल तरच, आतला पात्यांचा ड्रम नुसता फिरवलात तर हवा चहूबाजूंना उडते आणि बाहेर काहीच जात नाही. मोटर रिपेअरिंगच करतो म्हणून सांगतो, हा ब्लोअर बाजूच्या गोल तोंडातून हवा ओढतो आणि चौकोनी तोंडातून फेकतो, त्यामुळे गोल तोंड खोलीत ठेवा आणि चौकोनी तोंड बाहेर जाणाऱ्या पाइपला जोडा. मोटर उलटी फिरली तरी हवा त्याच चौकोनी तोंडातून येते, फक्त जोर खूप कमी होतो, त्यामुळे चालू आहे पण ओढत नाही असं वाटलं तर आधी फिरण्याची दिशा बघा. कपॅसिटर, म्हणजे मोटर फिरायला लागणारा वायरींचा छोटा डबा, मोटरच्या प्लेटवर लिहिलेत तेवढ्याच मायक्रोफॅरडचा लावा, बॉडीला अर्थिंग द्या, आणि स्पीडच्या वायरींपैकी एकच जोडून बाकीच्यांची टोकं वेगवेगळी टेप करा, त्यांच्यावरही व्होल्टेज येतं. दाराखाली फट हवीच, आत हवा आली नाही तर बाहेर जाणार कुठून! फक्त त्या खोलीत धुराड्याला जोडलेला गॅस गीझर असेल तर हे अजिबात करू नका, जळलेला गॅस उलटा खोलीत ओढला जातो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो.